झोपून उठलेला तोच का?

एक नेहमीचा प्रसंग घ्या. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या एक मावशी. टेबलावर डेस्कटॉप, शेजारी यूएसबीवर चालणारे दोन छोटे स्पीकर, समोर एचडीएमआय केबलने जोडलेला मॉनिटर. वेदान्तावरच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं ऐकायला त्या रोज सकाळी संगणकापुढे बसतात. गॅसवरचं दूध आठवलं की व्याख्यान थांबवून उठतात. परत येईपर्यंत पडदा झोपलेला असतो. माऊस हलवला की उजळतो. व्याख्यान पुढे सुरू करावं, तर खिडकीतली रेघ सरकते, आवाजाची पट्टी वरखाली होते, आणि खोलीत मात्र शुकशुकाट.

भाचा येतो. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून यादी उघडतो. ध्वनी मॉनिटरकडे निघालेला असतो, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. तो यादीतलं दुसरं नाव निवडतो, आवाज येतो. "झालं, मावशी." दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

"अरे, सांगितलेलं विसरतो कसा हा?" मावशी विचारतात.

हा त्रास ज्यांनी सोसला आहे ते सगळे हाच शब्द वापरतात: विसरतो. पण यंत्राच्या आत डोकावलं तर बहुतेक वेळा निराळंच दिसतं. भाच्याने केलेली निवड नोंदवहीत शाबूत असते. ती ज्याच्यासाठी केली होती तोच समोर आला आहे, एवढं यंत्राला कळलेलं नसतं. विसरणं वेगळं आणि न ओळखणं वेगळं. स्मृती आणि प्रत्यभिज्ञा या दोन शब्दांनी भारतीय दर्शनांनी हा भेद फार पूर्वी केला, आणि त्यावर शतकानुशतकं वाद घातला. मावशींच्या टेबलावरचा घोटाळा त्या वादाच्या थेट मध्यावर नेऊन सोडतो.

आधी यंत्राकडे पाहू. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. चित्र आणि ध्वनी एकाच केबलमधून नेणं हे तिचं वैशिष्ट्य. तिच्या नेहमीच्या जोडणीत १९ पिना असतात. त्यातली शेवटची, एकोणिसावी पिन फक्त एक गोष्ट सांगते: पलीकडे कोणीतरी आहे. तो इशारा मिळाला की संगणक पलीकडच्या मॉनिटरची ओळखपत्रिका वाचतो. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा. त्यात बनवणाऱ्याची तीन अक्षरी खूण असते, मॉडेलचा आकडा असतो, अनुक्रमांकाची जागा असते, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला हे असतं. पुढच्या जोड-भागात मॉनिटर सांगतो की मी ध्वनीही घेऊ शकतो. ज्याला स्पीकर नाहीत पण हेडफोनची खोबण आहे असा मॉनिटरही हे सांगतो, आणि त्याच्या परीने ते खरंच असतं.

झोपताना बरेच मॉनिटर हा हजेरीचा इशारा सोडून देतात. संगणकाच्या लेखी तो तेव्हा निघून गेलेला असतो. जागा झाला की नव्याने आलेला असतो. मावशींना जे डुलकी घेणं वाटतं, ते संगणकाला जाणं आणि येणं वाटतं. आणि कोणी आलं की ध्वनीची वाट पुन्हा ठरवायचा प्रसंग उभा राहतो.

विंडोजमध्ये ध्वनीच्या अशा प्रत्येक टोकाला एंडपॉइंट म्हणतात. २००७ साली व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ध्वनीची सगळी व्यवस्था नव्याने बांधली गेली. तेव्हापासून प्रत्येक टोकाला आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळख मिळते, आणि त्याच्या चार अवस्था मानल्या जातात. एक, चालू. दोन, आहे पण बंद करून ठेवलेलं. तीन, खोबण आहे पण तिच्यात काही खोचलेलं नाही. चार, खुद्द उपकरणच नाही. म्हणजे नसण्याच्याही तऱ्हा तिथे वेगवेगळ्या मोजल्या आहेत. न्याय-वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानून त्याचे चार प्रकार केले: घडा घडण्याआधीचं त्याचं नसणं, फुटल्यानंतरचं नसणं, एखाद्या ठिकाणी कधीच नसणं, आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे अशा अर्थाचं नसणं. दोन्ही चौकड्या एकमेकींवर बसत नाहीत. पण "नाही" एवढं म्हणून भागत नाही, कसं नाही ते सांगावं लागतं, ही निकड दोन्हीकडे सारखी आहे. खोचलेलं नाही आणि अस्तित्वातच नाही यांत जो गल्लत करील, त्याला परत आलेला माणूस ओळखता येणार नाही.

परत येण्याला न्याय-वैशेषिकांकडे एक सुंदर शब्द आहे. १७व्या शतकातल्या अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह न्यायशास्त्र शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आधी हातात घेतो. १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत आठल्ये आणि बोडस यांनी काढलेली त्याची आवृत्ती आजही वापरात आहे. त्यात २४ गुण सांगितले आहेत, आणि शेवटचा गुण संस्कार. संस्काराचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेला बाण पुढे जात राहतो तो वेगामुळे. अनुभवाने आत्म्यात उमटलेली आणि पुढे आठवणीला कारण होणारी खूण म्हणजे भावना. आणि वाकवलेली वस्तू हात सोडताच पहिल्या आकारात जाते तो स्थितिस्थापक. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडून हात काढला की पुन्हा वळते, ओढून धरलेली फांदी सोडली की वर जाते, तसा.

आठवण आणि उसळून मागे जाणं या दोन गोष्टींना एकाच नावाखाली का ठेवलं असेल? कारण दोन्हीकडे मागचं काहीतरी आत दडून राहतं आणि संधी मिळताच प्रकट होतं. फरक असा, की चटईला जे परत मिळतं ते तिचं मूळ वळण असतं. ते तिला आठवावं लागत नाही. भावनेमुळे परत मिळतो तो घडून गेलेला अनुभव.

संगणकावर ज्याला डीफॉल्ट म्हणतात ती स्थितिस्थापकाचीच जात आहे. कोणी काही सांगितलं नाही तर यंत्र जिकडे वळतं ते वळण. भाच्याने केलेली निवड मात्र भावनेच्या जातीची. ती एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट स्पीकरबद्दल झालेली आहे. यंत्राने त्या स्पीकरला ओळखलं तर भावना जागी होते. नाही ओळखलं तर हात सुटलेली चटई आपल्या वळणावर जाते. मावशींच्या खोलीत जे घडतं त्याचं वर्णन याहून नेमकं करणं अवघड आहे.

प्रश्न उरतो ओळखीचा. जो गेला आणि आला, तो तोच हे कशावरून ठरवायचं?

बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात हा प्रश्न झोपेच्याच संदर्भात आला आहे. आधीच्या सूत्रांत स्वप्नाचा विचार होतो, मग गाढ झोपेचा. गाढ झोपेत जीव ब्रह्माशी एक होतो असा सिद्धान्त मांडला जातो. आणि लगेच नवव्या सूत्रात अडचण उभी राहते: एक झालेला जीव सकाळी बाहेर येतो तेव्हा तोच येतो, की दुसराच कोणी? शंकराचार्यांनी पूर्वपक्षाच्या, म्हणजे शंका घेणाऱ्याच्या, तोंडी दिलेला दाखला डोळ्यांपुढे उभा राहतो. पाण्याच्या साठ्यात एक थेंब टाकला. नंतर एक थेंब काढला. काढलेला थेंब टाकलेलाच आहे असं कोण म्हणू शकेल? मग गाढ झोपेत मिसळलेला जीव तोच परत येतो असा नियम कसा मानायचा?

उत्तरात सूत्र चार कारणं देतं. पहिलं, कर्म. काल अर्धं टाकलेलं काम माणूस आज उठून पुढे नेतो. एकाने सुरू केलेलं काम दुसरा कोणी आपलं म्हणून असं सहज पुढे नेत नाही. दुसरं, अनुस्मृती. काल पाहिलेलं आज आठवतं, आणि पाहणारा मीच होतो हेही आठवतं. तिसरं, श्रुती. वाघ, सिंह, लांडगा, जो जे होऊन गेला तो तेच होऊन परत येतो असं छांदोग्य उपनिषदात सांगितलं आहे. चौथं, विधी. उठणारा दुसराच असता तर कर्माची आणि विद्येची सगळी विधानं व्यर्थ ठरली असती. साधनेची गरजच नव्हती, एकदा झोपलं की मोक्ष मिळाला असता. हे चौथं कारण वाचताना थबकायला होतं. धर्माचं अवघं ओझं त्यात "उठणारा तोच" या एका गोष्टीवर ठेवलेलं आहे.

आणि थेंबाचं काय? आचार्य तो दाखला मोडून काढत नाहीत, त्याची मर्यादा दाखवतात. थेंब वेगळा ओळखावा अशी खूण थेंबाजवळ नाही. जीवाजवळ आहे: त्याचं कर्म आणि त्याची अविद्या. दूध आणि पाणी आपल्याला वेगळं करता येत नाही म्हणून हंसालाही येत नाही असं थोडंच आहे? आचार्यभक्त विष्णुशास्त्री बापटांनी शांकरभाष्यं मराठीत आणली, त्यामुळे ज्यांचं संस्कृतशी सूत जमत नाही अशांनाही हा सगळा युक्तिवाद ओळीने वाचता येतो.

आता भाच्याकडे वळू. एके दिवशी वेळ काढून तो नीट बसला. जुन्या पद्धतीची साउंडची खिडकी उघडली, यादीतल्या रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबलं आणि तोडलेली उपकरणं दाखवण्याच्या पर्यायावर खूण केली. यादी एकदम लांबली. फिकट करड्या रंगात ओळीने उभे होते: स्पीकर्स, यूएसबी ऑडिओ डिव्हाइस. खाली स्पीकर्स, २- यूएसबी ऑडिओ डिव्हाइस. त्याखाली ३-. टेबलावर स्पीकरची जोडी एकच, आणि यादीत तिचे तीन जन्म.

"मावशी, हा स्पीकर कोण काढतं?"

"झाडताना कामाची बाई काढते रे. मग परत लावते की."

परत लावते, पण मिळेल त्या खोबणीत. यूएसबी उपकरण आपली ओळख सांगताना दोन आकडे देतं: बनवणारा कोण आणि मॉडेल कोणतं. प्रत्येक नगाचा स्वतःचा अनुक्रमांक देणं यूएसबीच्या नियमांनी ऐच्छिक ठेवलं आहे, आणि बरेच स्वस्त स्पीकर तो देत नाहीत. ज्याला अनुक्रमांक आहे त्याला विंडोज कुठल्याही खोबणीत लावा, तोच म्हणून घेतं. ज्याला नाही त्याची ओळख ते खोबणीवरून बनवतं. जागा बदलली की ओळख बदलली. जुन्या नोंदीला दिलेलं पहिलं स्थान नव्या नोंदीला मिळेलच असं मग राहत नाही. जुनी नोंद मात्र करड्या रंगात वाट पाहत उभी असते. कालची निवड तिथे जपलेली असते, पण जिच्यासाठी ती जपली ती जोडी आता शेजारच्या खोबणीतून दुसऱ्याच नावाने बोलत असते.

अनुक्रमांक नसलेला स्पीकर म्हणजे पूर्वपक्षाचा थेंब. त्याच्याजवळ वेगळेपणाची खूणच नाही. कारखान्यातून निघालेले हजार नग समोर ठेवले तर तो कोणता हे तो स्वतः सांगू शकत नाही. विंडोजने त्याला जागेवरून ओळखायचं ठरवलं हे समजण्यासारखं आहे. खूण आत नसेल तर बाहेरून लावावी लागते.

पण बाहेरची खूण फसवी असते, आणि इथे बौद्धांचं म्हणणं मनापासून ऐकायला हवं. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला येतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणावी तर तेल आणि वात क्षणोक्षणी जळते आहे. वेगळी म्हणावी तर दिवा रात्रभर तोच होता. क्षणिकवाद्यांचं, म्हणजे प्रत्येक गोष्ट क्षणभरच टिकते असं मानणाऱ्या बौद्धांचं, सांगणं असं, की "तोच हा" ही प्रतीती म्हणजे पुरावा नव्हे. कापलेले केस पुन्हा वाढतात, आणि आपण म्हणतो तेच केस. सारखेपणाला आपण एकपणा समजतो. अकराव्या शतकात रत्नकीर्तीने क्षणभंगसिद्धीत हीच बाजू काटेकोर तर्काने लढवली. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात बौद्धांचा प्रतिवाद करून स्थिर आत्म्याची बाजू मांडली. पाहणारा एक आणि आठवणारा दुसरा असेल तर "मी पाहिलं होतं" हे कोण म्हणेल, हा नैयायिकांचा मूळ सवाल. चैत्र नावाच्या माणसाने पाहिलेलं मैत्र नावाच्या दुसऱ्याला आठवत नाही.

या वादाची एक शाखा तर ध्वनीबद्दलच आहे. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. काल ऐकलेला ग आणि आज ऐकलेला ग, "तोच हा ग" असं ओळखू येतं, म्हणून ग एकच आहे. उच्चाराने तो निर्माण होत नाही, प्रकट होतो. नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते प्रत्येक ध्वनी उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. मग "तोच ग" कसं वाटतं? १७व्या शतकातल्या विश्वनाथाने कारिकावलीत दिलेलं उत्तर घरगुती आहे: वैद्याने दिलेलं औषध दुसऱ्या दिवशी पुन्हा घेताना माणूस म्हणतो, "कालचंच औषध." कालची मात्रा तर पोटात गेली. आजची त्याच जातीची आहे. म्हणजे आत्म्यासाठी प्रत्यभिज्ञेचा आधार घेणारे नैयायिकच ध्वनीच्या बाबतीत मान्य करतात की प्रत्यभिज्ञा कधी व्यक्तीला धरून असते, कधी जातीला. मावशींचा स्पीकर संगणकाला जातीनेच माहीत आहे. "यूएसबी ऑडिओ डिव्हाइस" हे औषधाचं नाव झालं, एखाद्या बाटलीचं नव्हे.

हा वाद केवळ बुद्धीचा व्यायाम म्हणून कोणी घातलेला नाही. उठणारा दुसरा असेल तर काल घेतलेलं कर्ज आज कोणी फेडायचं? काल दिलेला शब्द कोणी पाळायचा? केलेल्याचं फळ हरवतं आणि न केलेल्याचं गळ्यात पडतं; या दोषाला शास्त्रकारांनी कृतहान आणि अकृताभ्यागम अशी नावं दिली आणि क्षणिकवादावरचा तो सर्वांत मोठा आक्षेप मानला. इंग्लंडमध्ये जॉन लॉकने १६९४ साली आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत एकपणा आणि भिन्नपणा यांवरचं प्रकरण नव्याने घातलं, आणि तोही झोपेपाशीच येऊन थांबला. झोपलेल्या सॉक्रेटिसच्या मनात जे आलं आणि जागेपणी ज्याचा त्याला पत्ता नव्हता, त्यासाठी जाग्या सॉक्रेटिसला शिक्षा करणं म्हणजे जुळ्यांपैकी एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला धरणं, असं त्याचं मत. लॉकला जाणिवेचा धागा हवा होता. बादरायणांच्या चार कारणांपैकी त्याने एकच, अनुस्मृती, उचललं असं म्हणता येईल. अर्धं राहिलेलं काम हा दुवा त्याच्या हिशेबात नाही, आणि माणसाचा एकपणा खरोखर पुष्कळदा तिथेच दिसतो. स्मृती पुसट झालेल्या आजी नातवाचं नाव सांगू शकत नाहीत, पण वाती वळायला बसल्या की काल जिथे सोडल्या तिथून बोटं पुढे चालू लागतात. त्या तीच आहेत हे घरातल्या कोणालाही पटवून द्यावं लागत नाही.

काश्मीरच्या शैवांनी तर ओळखणं हाच मोक्ष मानला. दहाव्या शतकात उत्पलदेवाने ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका लिहिली. तिच्या शेवटाकडे एक दृष्टान्त आहे. ज्याच्या भेटीसाठी एक तरुणी नवस-विनवण्या करते आहे, तो प्रियकर तिच्या जवळच येऊन उभा आहे. पण तो तोच हे तिला कळलेलं नाही, म्हणून तो तिला चारचौघांसारखा वाटतो आणि त्याच्या असण्याचा आनंद तिला मिळत नाही. नवं काहीच मिळवायचं नाही. जे आहे ते ओळखायचं आहे. शुकशुकाट असलेल्या त्या खोलीतही काही कमी नसतं: व्याख्यान चालू असतं, स्पीकरला वीज असते, केबल धड असते.

भाच्याने केलेली दुरुस्ती या सगळ्या विचाराशी पायरीपायरीने जुळते. त्याने पहिल्यांदा मॉनिटरचा ध्वनी यादीतून डिसेबल केला. ज्याला बोलता येत नाही त्याला बोलावण्यात अर्थ नव्हता. मॉनिटरचा ध्वनी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधून येतो आणि तो ड्रायव्हर नव्याने बसवला की टोकांच्या नोंदीही नव्याने तयार होऊ शकतात, म्हणून पुढच्या वेळी बसवताना त्यातला ऑडिओचा भाग वगळायचं त्याने ठरवून ठेवलं. मग स्पीकरची आजची नोंद मुख्य म्हणून निवडली, आणि फोन-संभाषणासाठी विंडोज जी वेगळी मुख्य निवड ठेवतं, तिथेही तीच दिली. या दोन निवडी स्वतंत्र असतात. एकच केली तर व्हिडिओ कॉलचा आवाज भलतीकडे जातो. ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी वाट देण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली. तिथे जाऊन त्याने व्याख्यान लावायच्या प्रोग्रॅमची कधीतरी चिकटलेली जुनी वाट काढून टाकली.

लिनक्स वापरणाऱ्यांना हाच धडा निराळ्या वाटेने मिळाला आहे. तिथे ध्वनीकार्डांना शून्य, एक, दोन असे क्रमांक मिळतात, आणि सुरू होताना कोण आधी हजर होतं यावर ते बदलू शकतात. म्हणून जाणते लोक मांडणीच्या फाइलमध्ये क्रमांक न लिहिता कार्डाचं नाव लिहितात. रांगेतली जागा सांगायची नाही, कोण ते सांगायचं. मॉनिटरचा अनाहूतपणा तिथेही जाणवला होता: नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या, पल्सऑडिओ या तिथल्या ध्वनीव्यवस्थेच्या १४.० आवृत्तीत, एचडीएमआय जोडताच ध्वनी आपोआप तिकडे वळण्याची सवय मूळ मांडणीतच बंद करण्यात आली. चटईचं वळणच बदललं, असं म्हणू.

शेवटचं काम सर्वांत साधं होतं. मावशींनी नखांना लावायच्या रंगाची जुनी बाटली शोधून काढली. संगणकाच्या मागे उजवीकडून दुसऱ्या खोबणीच्या कडेला एक लाल ठिपका दिला, तसाच एक स्पीकरच्या यूएसबी टोकावर. झाडणाऱ्या बाईंना बोलावून दाखवलं. "लाल ते लालमध्ये, बरं का." "लावीन की, ताई." ज्याच्याजवळ स्वतःची खूण नव्हती त्याला ती मिळाली. संगणकाला ती दिसत नाही. दिसते ती रोज हात लावणाऱ्या माणसाला, आणि त्या माणसाच्या लक्ष ठेवण्यामुळे स्पीकर रोज तोच राहतो.

यंत्र आणि माणूस यांत एक मोठं अंतर इथे राहतंच. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, छान झोप लागली, काही कळलं नाही. हे तो कशाच्या जोरावर म्हणतो? नैयायिक सांगतात, अनुमानाने. मधल्या वेळेची आठवण नाही यावरून तो ताडतो. अद्वैती सांगतात, आठवणीने. झोपेतही साक्षी जागा होता आणि त्या न कळण्याचाच त्याने अनुभव घेतला. संगणकाच्या बाबतीत नैयायिकांचं उत्तर पुरेसं आहे. झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ, मधलं ताडलेलं. आपल्या झोपेबद्दल मात्र सकाळच्या त्या टवटवीत क्षणी अनुमान केल्यासारखं कोणालाच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी माऊस हलवला. पडदा उजळला. व्याख्यान जिथे थांबवलं होतं त्याच मिनिटापासून सुरू झालं, आणि आवाज टेबलावरच्या त्या दोन छोट्या स्पीकरमधून आला. व्याख्याते नववं सूत्र संपवून दहाव्याकडे वळले होते. त्या सूत्रात मूर्च्छेचा विचार आहे. मूर्च्छित माणूस जागा नाही, स्वप्नात नाही, मेलेलाही नाही, कारण अंगात ऊब आणि श्वास आहे. मग त्याला झोपलेला म्हणावं का? आचार्य नाही म्हणतात. झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न असतो, श्वास एका लयीत चालतो, हाताने हलवलं की तो उठतो. मूर्च्छित माणूस दंडुक्याने मारलं तरी उठत नाही. म्हणून सूत्र या अवस्थेला अर्धी संपत्ती, म्हणजे ब्रह्माशी अर्धंच एक होणं, म्हणतं.

"हे तर तुझ्या शट डाउनसारखं झालं," मावशी भाच्याला फोनवर म्हणाल्या. त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं: विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही संगणक पुरता बंद होत नाही; गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच उचलतो. जुना घोळही तसाच उचलला जातो. पाटी खरोखर कोरी करायची असेल तर रीस्टार्ट द्यावं लागतं.

"मग रात्री काय करू, शट डाउन की रीस्टार्ट?"

"आता काहीच नको, मावशी. ठिपका आहे ना जागेवर?"

मावशी वाकून टेबलाच्या मागे बघू लागल्या.